जबड्यावरचा फोड आणि न दुखणारा दात : एका दंत रुग्णालयाच्या निदानसेवेविषयी

छत्रपती संभाजीनगरातील एका दंत महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या रुग्णालयात माझ्या आत्याच्या जबड्यावरील वाहत्या फोडाचे निदान झाले. हे परीक्षण तिथल्या बाह्यरुग्ण विभागाचे आहे. शहरात अशी रुग्णालये एकाहून अधिक असून त्यांपैकी हे कोणते, ते येथे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण पुढे प्रशंसेबरोबर तक्रारीही आहेत आणि त्या तक्रारी अशा प्रकारच्या बहुतेक रुग्णालयांना कमी-अधिक प्रमाणात लागू पडतील. आत्याची हकीकत तिच्या संमतीने लिहीत आहे. उपचार यथावकाश झाले. लेखाचा विषय निदान आहे, कारण दातातून पसरलेल्या आजारात रुग्णाची खरी फरफट होते ती निदानापाशीच.

आत्या सेलू तालुक्यात राहते. वय साठीच्या पुढे, मधुमेह बरीच वर्षे जुना, आणि दिवसातून दोनदा मिशरी लावण्याची सवय लग्नाआधीपासूनची. तिच्या डाव्या जबड्याच्या खालच्या कडेला हरभऱ्याएवढा लालसर फोड आला होता. तो फुटे, त्यातून पातळ पू येई, वर खपली धरे आणि सारे बरे झाले असे वाटत असतानाच पुन्हा ओलसर होई. त्यावर मलमे झाली, अँटिबायोटिक गोळ्यांचे कोर्स झाले, एके ठिकाणी चिरा देऊन पू काढण्यात आला. घरच्या जाणत्या मंडळींनी हा नासूर आहे असे ठरवून हळदीचा लेप आणि एरंडाचे पान हेही करून पाहिले. प्रत्येक वेळी काही दिवस आराम पडे. दातांच्या डॉक्टरांना दाखवावे असे सुचवले की आत्याचे उत्तर ठरलेले असे, ‘‘मह्या दाताला काय धाड भरली? फोड तर बाहेर हाय.’’ तिचे म्हणणे तर्काला सोडून मुळीच नव्हते. तिचा कोणताही दात दुखत नव्हता, चावताना त्रास होत नव्हता, आणि फोड तोंडाच्या आत नसून बाहेरच्या कातडीवर होता.

नेमके हेच या विकाराचे लक्षण असते. दाताच्या आतली नस मेली की ठणका थांबतो, परंतु मुळाच्या टोकाशी जंतूंचा साठा तसाच राहतो. तेथे धरलेला पू जबड्याचे हाड हळूहळू पोखरत बाहेर पडण्यासाठी वाट शोधतो. खालच्या जबड्यात गालाचा स्नायू हाडाला जेथे चिकटलेला असतो त्याच्या वरच्या बाजूला ती वाट निघाली तर हिरडीवर पुटकुळी येते; खालच्या बाजूला निघाली तर पू थेट कातडीपर्यंत पोहोचतो. खालच्या पुढच्या दातांचा पू बहुधा हनुवटीवर आणि खालच्या दाढांचा जबड्याच्या कडेवर किंवा गालावर निघतो. वाट एकदा मोकळी झाली की आतला दाब उरत नाही, म्हणून दाढ दुखत नाही, आणि दाढ दुखत नाही म्हणून रुग्ण कातडीच्या डॉक्टरांकडे जातो. गोळ्यांनी पू तात्पुरता आटतो. पण मेलेल्या नसेच्या पोकळीत रक्तपुरवठाच नसल्याने औषध तिथवर पोहोचत नाही आणि गोळ्या संपल्या की फोड पुन्हा वाहू लागतो. आमच्याकडे फोड म्हटला की डॉक्टरांकडे ‘पॉवरची गोळी’ मागणारे रुग्णही पुष्कळ असतात, तेव्हा सगळा दोष लिहून देणाऱ्याच्या माथी मारणे बरोबर होणार नाही.

शेवटी आत्या एका दंतचिकित्सकाकडे गेली, तर तेथे गाडी अगदी दुसऱ्या टोकाला गेली. तिचे गुडघे दुखतात आणि साखर आटोक्यात येत नाही हे ऐकल्यावर, या सगळ्याचे मूळ दातांत आहे, उरलेले सर्व दात काढून कवळी बसवली की गुडघे, साखर आणि फोड तिन्ही बरे होतील, असे तिला सांगण्यात आले. एक्स-रे न काढता हा निर्णय झाला. कवळीचा खर्च मात्र तिथल्या तिथे कागदावर लिहून मिळाला. आधी दातांचा संबंधच नाही असे म्हणणारे भेटले आणि मग सगळे दातांमुळेच असे म्हणणारे भेटले. या दोहोंच्या मधली जागा शोधण्यासाठी आम्ही संभाजीनगर गाठले.

सेलूहून मराठवाडा एक्स्प्रेसने निघाल्यास कोर्टकचेरीच्या कामाला जाणाऱ्यांच्या गर्दीतून सकाळीच शहरात पोहोचता येते, आणि ओपीडीसाठी ही वेळ सोयीची आहे. केसपेपर काढल्यावर प्रत्येक नव्या रुग्णाला प्रथम मुखरोग निदान व क्ष-किरण विभागात पाठवतात. कोणीही थेट दात काढण्याच्या किंवा रूट कॅनॉलच्या खोलीत जाऊ शकत नाही. घाईत असलेल्या माणसाला हा नियम जाचक वाटतो, आणि तसे बोलून दाखवणारे रांगेत होतेही. परंतु या रुग्णालयाची सगळ्यात मोठी जमेची बाजू मला हाच नियम वाटला. खासगी दवाखान्यात तपासणारा आणि उपचार करणारा एकच असतो. येथे तपासणाऱ्या विभागाचे काम केवळ तपासणे हे असल्याने दात काढला काय किंवा वाचवला काय, त्या टेबलापुरता काहीच फरक पडत नाही.

पहिली तपासणी शिकाऊ डॉक्टरने केली. मुलगी विशी-बाविशीची असावी. तिने एक लांबलचक छापील तक्ता भरला. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शने, क्षयरोग, हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया असे प्रश्न एकामागून एक आले. आत्याला ते निरर्थक वाटले, तरी प्रत्येकामागे कारण आहे. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा ज्यांना पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग होऊन गेला आहे, अशांचा दात काढताना वा हिरडीतून रक्त येईल असे काही करताना तोंडातले जंतू रक्तात जाऊन झडपेवर बसण्याचा धोका असतो. म्हणून अशा रुग्णांना अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकची मात्रा देतात. हाडांसाठीची काही औषधे घेणाऱ्यांचा दात काढला तर जबड्याचे हाड भरून येण्यास अडचण होऊ शकते. क्षयरोगाचा प्रश्न तर आत्याच्या फोडाशी सरळ जोडलेला होता, हे थोड्याच वेळात कळले.

त्यानंतर विभागातील ज्येष्ठ बाई आल्या आणि त्यांनी जे केले ते पाहण्यासारखे होते. त्यांनी आधी फोडाकडे पाहिलेच नाही. हातमोजा घालून एक बोट गालाच्या आत आणि अंगठा बाहेर ठेवून त्यांनी जबड्याची कड सावकाश चाचपली आणि मग त्या शिकाऊ मुलीचे बोट त्याच जागी ठेवायला लावले. फोडापासून आत हाडाकडे जाणारी, शिवणीच्या जाड दोऱ्यासारखी एक घट्ट दोरी तेथे हाताला लागत होती. कातडीच्या साध्या फोडाला अशी मुळी नसते. फोडाच्या तोंडाशी कातडी आत ओढली गेलेली होती आणि दोन बोटांत धरून हलवली तरी ती सरकत नव्हती, हेही त्यांनी दाखवले. त्यांचे बोलणे विद्यार्थ्यांशी चालले होते, तरी मधूनमधून त्या वळून आत्याला मराठीत सांगत, ‘‘काकू, हे बाहेरून आलेलं नाही, आतून आलंय. कोणत्या दाताचं ते आता शोधू.’’

शोधण्याची रीत अशी. कापसाच्या छोट्या बोळ्यावर गारव्याचा फवारा मारून तो आधी उजव्या बाजूच्या निरोगी दाढेला लावला आणि थंड लागताच हात वर करायला सांगितले. आत्याचा हात लगेच वर गेला. मग डाव्या बाजूच्या दाढा एकेक करून तपासल्या. पहिल्या मोठ्या दाढेवर फार वर्षांपूर्वी चांदी भरलेली होती. तिला बोळा लावल्यावर आत्या शांत बसून राहिली. बोळा काढला, पुन्हा लावला, तरी हात वर गेला नाही. त्यानंतर आरशाच्या दांड्याने प्रत्येक दाढेवर हलकेच ठोकून पाहिले. याच दाढेचा ‘जड’ वाटण्याचा अनुभव आत्याला इतर दाढांहून वेगळा आला, दुखले मात्र नाही. एवढ्यावर दाढ मेली असे ठरवता आले असते, पण ठरवले नाही. रूट कॅनॉल भरण्यासाठी जो रबरासारखा लवचीक, गुलाबी बारीक काडीसारखा पदार्थ वापरतात, ज्याला गटापर्चा म्हणतात, त्याची एक काडी त्यांनी फोडाच्या तोंडातून अलगद आत सरकवली. ती जवळपास निम्मी आत गेली तरी आत्याने तोंड वाकडे केले नाही. काडी तशीच ठेवून दाढेचा छोटा एक्स-रे काढला. पडद्यावर काडीची पांढरी रेघ खालून वर चढत चांदी भरलेल्या दाढेच्या मागच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबलेली दिसली, आणि त्या टोकाभोवती हाड विरळ झाल्याची काळसर सावली होती. आत्याला पडदा दाखवला तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली आणि एवढेच म्हणाली, ‘‘ही तर लई दिसापासून गप होती माय.’’

या तपासणीला लागलेले सामान पाहिले तर कापसाचा बोळा, फवारा, आरसा, एक काडी आणि सर्वांत लहान आकाराचा एक्स-रे एवढेच होते. थ्री-डी स्कॅनची सोय त्याच इमारतीत होती, तरी येथे त्याची गरज नाही असे स्पष्ट सांगितले गेले. वरच्या दाढांची मुळे, हाडातील सायनसच्या पोकळीत घुसलेला संसर्ग, किंवा रूट कॅनॉल होऊनही बरी न होणारी दाढ अशा वेळी त्या स्कॅनचा खरा उपयोग होतो. साध्या एक्स-रेची मर्यादाही विसरून चालत नाही. हाडातील खनिजाचा बराच भाग, साधारण ३० ते ५० टक्के, नाहीसा झाल्याशिवाय त्यात सावली नीट दिसत नाही, आणि वरच्या जबड्यात एकावर एक आलेल्या मुळांमुळे आजार झाकलेला राहू शकतो. म्हणूनच ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढे ऐकून घरी परतलेल्या रुग्णाने, त्रास चालूच असेल तर, दाताची नस जिवंत आहे की नाही ही गारव्याची चाचणी झाली होती का, हे विचारायला हवे.

फोड दाताचाच आहे असे दिसल्यावरही बाईंनी दुसऱ्या शक्यता मोडीत काढल्या नाहीत. जबड्यावरचा वाहता फोड मानेतल्या वा गालातल्या क्षयाच्या गाठीचा असू शकतो, हाडाच्या दीर्घ संसर्गाचा असू शकतो, अॅक्टिनोमायसिस नावाच्या जंतूचा असू शकतो, आणि वयस्क माणसात, विशेषतः तंबाखूची सवय असलेल्यात, कर्करोगाचाही विचार करावा लागतो. मिशरीमुळे आत्याच्या गालांची आणि जिभेखालची तपासणी त्यांनी वेगळ्याने केली, तोंड किती उघडते ते मोजले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी गुटख्याने तोंड पुरते न उघडणारे तरुण त्या रांगेत आमच्याबरोबर बसलेले होते. मिशरीला तर अजून कोणी व्यसन म्हणायलाही तयार नाही. आत्याच्या तोंडात संशयास्पद चट्टा नव्हता. दाढेवर रूट कॅनॉल केल्यावर असा फोड साधारणपणे एक-दोन आठवड्यांत आपोआप मिटतो, कातडीवर काहीही कापावे लागत नाही, आणि तो मिटला नाही तर मात्र तुकडा काढून तपासायचा, असे त्यांनी केसपेपरवर लिहून दिले. निदान चुकीचे असेल तर ते कसे आणि कधी कळेल, हे आधीच लिहून ठेवणारा डॉक्टर मला त्याआधी भेटला नव्हता. फोड मिटला. त्या जागी आता लहानशी खळी तेवढी आहे.

गुडघे आणि साखर यांविषयी मिळालेले उत्तर माझ्या दृष्टीने या सेवेची खरी परीक्षा होती, कारण दातांच्या रुग्णालयाने ‘हे दातांमुळे नाही’ असे म्हणण्यात त्याचा काहीच फायदा नसतो. हिरड्यांची तपासणी करताना एका बारीक, खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली मोजली गेली. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर असते. आत्याच्या काही दाढांभोवती ती त्याहून बरीच अधिक भरली आणि तेथे रक्तही आले. तेव्हा साखरेबद्दल उत्तर ‘काही अंशी’ असे होते. मधुमेहामुळे हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांतील जुनाट दाहामुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते, हा दुतर्फी संबंध आता वैद्यकशास्त्रात मान्य आहे. हिरड्यांची खोलवर सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, सुमारे ०.४ ने उतरल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. हा फरक उपयोगाचा आहे, पण गोळ्या-इन्सुलिन बंद करण्याएवढा नाही, आणि तो मिळवण्यासाठी दात काढावे लागत नाहीत. गुडघ्यांच्या बाबतीत उत्तर साफ ‘नाही’ असे होते. सांध्यांना सूज आणणारा आमवात आणि हिरड्यांचा आजार यांचा परस्परसंबंध अभ्यासला जात आहे, परंतु दात काढून सांधे बरे होतात असे कोठेही सिद्ध झालेले नाही. आत्याचे गुडघे वयानुसार झिजलेले असावेत, त्यासाठी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, असे सांगितले गेले. पुढे हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून झीजच सांगितली.

दात हे सर्व रोगांचे मूळ मानून ते सरसकट काढण्याचा सल्ला आजचा नाही. विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने १९१० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्याख्यानात, सडक्या मुळांवर बसवलेल्या सोन्याच्या टोप्या आणि पूल शरीरभर रोग पसरवतात असा हल्ला चढवला आणि त्यानंतर युरोप-अमेरिकेत संधिवातापासून अशक्तपणापर्यंत कशावरही दात उपटण्याची लाट आली. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर मनोविकारांचे मूळ जंतुसंसर्गात आहे असे धरून रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि पुढे आतड्यांचे भागही काढले. त्या शस्त्रक्रियांत अनेक रुग्ण दगावले. दात गेले तरी रोग जात नाहीत हे अनुभवाने दिसत गेले आणि शतकाच्या मध्यापर्यंत तो सिद्धान्त मागे पडला. हृदयाच्या झडपेचा संसर्ग, सायनस, जबड्याचे हाड, मधुमेह अशा मोजक्या ठिकाणी दातांचा संबंध पुराव्याने टिकला आहे, आणि एवढे संबंधसुद्धा दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

सायनसचे उदाहरण तेथेच, शेजारच्या खुर्चीवर मिळाले. कान-नाक-घसा विभागाकडून पाठवलेल्या एका रुग्णाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी असलेला शेंबूड कित्येक दिवस येत होता आणि सर्दीच्या औषधांनी तो थांबत नव्हता. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील सायनसच्या तळाला अगदी लागून असतात, कधी मध्ये केवळ पातळ पापुद्रा असतो. त्यामुळे दाढेचा पू सायनसमध्ये शिरतो आणि रुग्ण वर्षभर वाफारे घेत राहतो. एकाच बाजूची सर्दी आणि तिला कुजका वास, एवढ्या दोन गोष्टी जुळल्या तरी वरच्या दाढा तपासून घ्याव्यात, असे तिथल्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगितलेले मी कान देऊन ऐकले. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत बहुधा असणारी एक जादा बारीक नळी रूट कॅनॉल करताना राहून जाते आणि ‘उपचार झालेली’ दाढच मग दोषी निघते, हेही त्यांनी सांगितले. ते त्या रुग्णाने ऐकले की नाही कोण जाणे. तो नाकाला रुमाल लावून बसला होता.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार वेळेची. पेपर काढणे, शिकाऊ डॉक्टर, ज्येष्ठ डॉक्टर, एक्स-रे, पुन्हा ज्येष्ठ डॉक्टर आणि मग संबंधित विभाग अशी साखळी असल्याने निदानालाच दिवस मोडतो, आणि मध्ये जेवणाची सुट्टी आली की एक्स-रे हातात असूनही तो पाहणारे कोणी नसते. मधुमेही वृद्ध माणूस उपाशीपोटी किती वेळ बसवायचा, याचा विचार नंबर देणाऱ्या खिडकीने केलेला दिसला नाही. आत्याजवळ भाकरी होती म्हणून निभावले. दुसरी तक्रार पाट्यांची आहे. विभागांची लांबलचक इंग्रजी नावे रंगवलेल्या पाट्यांखाली मराठीत एक ओळ लिहिण्यास कोणाची हरकत असावी, ते कळत नाही; परतूर, मानवत, गंगाखेडहून आलेली माणसे शिपायाला विचारत फिरतात आणि शिपाई हात दाखवून मोकळा होतो. तिसरी तक्रार मात्र निदानाच्या गुणवत्तेशी जोडलेली असल्याने गंभीर आहे. निष्कर्ष आत्याच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवणारे पत्र आपण होऊन कोणी दिले नाही. मागितल्यावर मिळाले, चांगले दोन परिच्छेदांचे मिळाले, पण जो मागणार नाही त्याचा दात एका फाइलमध्ये आणि साखर दुसऱ्या फाइलमध्ये राहणार. एक्स-रेची फिल्म देत नाहीत, पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून घ्यावा लागतो. ज्याच्याजवळ साधा फोन आहे त्याने काय करायचे, याला उत्तर नाही.

शिकाऊ हातांविषयी लोकांच्या मनात जी भीती असते ती निदानापुरती तरी मला अनाठायी वाटली. विद्यार्थी सावकाश तपासतो, तक्त्यातला एकही रकाना सोडत नाही आणि त्याने काढलेला निष्कर्ष वरिष्ठाच्या सहीशिवाय पुढे जात नाही. आत्याला तोच प्रश्न तिघांनी विचारला, तेव्हा ती वैतागली खरी; पण तिसऱ्या वेळी विचारताना, पूर्वी त्या बाजूला मार लागला होता का, हा नवा प्रश्न निघाला आणि बैलाच्या शिंगाचा जुना फटका तिला आठवला. दाढेची नस तेव्हाच दुखावली असावी की चांदीखाली पुन्हा कीड लागली असावी, हे आता ठरवता येणार नाही, असे डॉक्टरांनी नोंदवून ठेवले. ‘ठरवता येणार नाही’ असे लिहिण्याला अडचण न वाटणे हेही मला चांगले लक्षण वाटले. खर्चाच्या बाबतीत तक्रार नाही: केसपेपर, तपासणी आणि छोटा एक्स-रे मिळून जे लागले ते सेलूहून येण्या-जाण्याच्या खर्चाहून कमी होते.

मात्र हे रुग्णालय कशासाठी योग्य नाही, तेही लिहिणे आवश्यक आहे. जबड्याखाली दोन्ही बाजूंना कडक सूज आली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, थुंकी गिळता येईना, आवाज बदलला, ताप भरला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर दंत ओपीडीच्या रांगेत उभे राहण्यात अर्थ नाही. विल्हेल्म फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली वर्णन केलेला आणि त्याच्याच नावाने ओळखला जाणारा हा संसर्ग बहुधा खालच्या मागच्या दाढांपासून सुरू होतो आणि काही तासांतच श्वासमार्ग बंद करू शकतो. अशा वेळी संभाजीनगरातील घाटीसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजचा अपघात विभाग गाठावा, दिवस असो की रात्र. वरच्या दाताची सूज डोळ्यापर्यंत चढून पापणी मिटू लागली तरी तसेच करावे. आत्यासारखे महिनोन्‌महिने रेंगाळणारे, ठणका नसलेले, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरलेले प्रकरण असेल, तर मात्र तपासणीचे टेबल आणि उपचाराचे टेबल वेगळे असलेल्या अशा रुग्णालयासारखी दुसरी जागा मराठवाड्यात मला तरी ठाऊक नाही.

जाणाऱ्यांनी जुने एक्स-रे, साखरेचा अलीकडचा अहवाल आणि चालू औषधांची पाकिटे बरोबर न्यावीत. गोळ्यांची नावे आठवून सांगता येत नाहीत आणि रक्त पातळ करणारी गोळी कोणती, हे पाकीट पाहिल्याशिवाय तेथे कोणी पुढे सरकत नाही. जायच्या आधी फोडावर मलमाचा थर देऊ नये, त्याचे तोंड बुजलेले असेल तर काडी आत जात नाही. डबा आणि पाण्याची बाटली लागतेच. नव्या रुग्णांचे पेपर दुपारच्या आत बंद होतात, आणि निघण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या नावाने पत्र मागून घ्यावे.